कलेचा इतिहास घेतलाय, पण दरवेळी ‘नुसतं वर्णन’ असा शेरा येतो. काय चुकतंय?

निळी_शाई

नमस्कार, इथे पहिल्यांदाच लिहितेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

शाळेची शेवटची दोन वर्षं चालू आहेत आणि मी कलेचा इतिहास हा विषय घेतलाय. चित्र काढता येत नाही मला, म्हणजे अजिबातच नाही, माणूस काढला तर दोरीवर वाळत घातलेल्या सदऱ्यासारखा दिसतो. पण चित्रं बघायला आवडतात आणि इतिहास आवडतो, म्हटलं दोन्ही एकत्र आहे तर घेऊन टाकू. पाच महिने झाले आणि आता वाटतंय की चूक केली की काय.

आत्तापर्यंत तीन निबंध लिहिले आणि तिन्हींवर शेरा तोच, ‘वर्णन आहे, विश्लेषण कुठाय?’ शेवटचा निबंध यान व्हॅन आयक या चित्रकाराच्या आर्नोल्फिनी जोडप्याच्या चित्रावर होता, १४३४ चं चित्र. मी चांगली चार पानं लिहिली हो. पुरुष, बाई, हिरवा झगा, भिंतीवरचा आरसा, आणि मग नोट्समधलं सगळं ओतलं, की एकच पेटलेली मेणबत्ती म्हणजे देवाची नजर, काढून ठेवलेल्या खडावा म्हणजे पवित्र जागा, संत्री म्हणजे श्रीमंती, कुत्रा म्हणजे निष्ठा. २५ पैकी ११. आणि ‘कुत्रा म्हणजे निष्ठा’ याला लाल गोल करून बाजूला एकच शब्द लिहिलाय: कशावरून?

आता कशावरून म्हणजे काय, नोट्समध्ये होतं म्हणून!

शिवाय तारखा डोक्यात राहत नाहीत ते वेगळंच. आणि ‘याचा पुढे उपयोग काय’ हा प्रश्न तर रोज कोणी ना कोणी विचारतंच. विषय बदलायला या महिनाअखेरपर्यंत मुदत आहे. बदलू का? की काही वेगळ्या पद्धतीने अभ्यास करायला हवा? ज्यांनी हा विषय घेतला होता त्यांनी प्लीज सांगा.

आळशी_बोका

बदलू नकोस. मी दोन वर्षं केलाय हा विषय, आणि तुझ्यापेक्षा वाईट मार्क पाडून केलाय, त्यामुळे हक्काने सांगतो.

माझा घोळ वेगळा होता. मी सगळा अभ्यास फोनवर केला, म्हणजे प्रत्येक चित्र माझ्यासाठी तळहाताएवढं. मोनालिसा तेवढीच, पिकासोचं ग्वेर्निका तेवढंच, जपानी चित्रकार होकुसाईची ती लाट पण तेवढीच. परीक्षेत लाटेवर प्रश्न आला आणि मी झोकात लिहिलं की ही भिंतभर पसरलेली प्रचंड लाट प्रेक्षकाच्या अंगावर येते वगैरे वगैरे. नंतर कळलं की तो लाकडी ठशाने काढलेला छाप आहे, साधारण २५ बाय ३७ सेंटीमीटर, हातात धरून बघायची वस्तू! त्याच्या शेकड्यांनी प्रती निघायच्या. म्हणजे माझा अख्खा मुद्दाच पाण्यात, लाटेसकट.

त्यानंतर एक उद्योग केला. कागदी चिकटपट्टी घेतली आणि खोलीच्या भिंतीवर चित्रांच्या खऱ्या मापाच्या चौकटी चिकटवल्या. मोनालिसा ७७ बाय ५३ सेंमी, म्हणजे मधल्या खिडकीएवढी सुद्धा नाही. तुझं आर्नोल्फिनी त्याहून थोडंसंच मोठं, ८२ बाय ६०. आता विचार कर, एवढ्याशा लाकडी फळीवर तो आरसा, आरशात दारात उभी असलेली दोन माणसं, आणि आरशाच्या चौकटीत ख्रिस्ताच्या कथेतले दहा छोटे गोल प्रसंग. किती जवळ जाऊन बघायचं चित्र आहे ते! आणि ग्वेर्निका ३.४९ मीटर बाय ७.७७ मीटर. ते भिंतीवर मावलंच नाही, कोपऱ्यात वळवून शेजारच्या भिंतीवर न्यावं लागलं. त्या दिवशी मला कळलं की त्यातली माणसं आपल्यापेक्षा मोठी आहेत आणि म्हणून ते तसं दिसतं.

थोडक्यात, माप बघितल्याशिवाय एक ओळ लिहू नकोस.

फळ्यापाशी

मी हा विषय बरीच वर्षं शिकवतेय. बोक्याची चिकटपट्टी आवडली, वर्गात करून बघणार.

निळी शाई, तुझ्या शिक्षकांनी एका शब्दात सगळं सांगितलंय बघ. ‘कशावरून?’ हा शेरा आहे असं समजू नकोस, तो प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर देणं म्हणजेच विश्लेषण. मुलांना वाटतं की वर्णन कमी करून अर्थ जास्त लिहिला की विश्लेषण होतं. पण तू पाठ केलेला अर्थ लिहिलास, तो अर्थ चित्रात कुठून दिसतो ते लिहिलंच नाहीस. शब्दकोश छापल्यासारखं झालं ते, डावीकडे वस्तू, उजवीकडे अर्थ.

आणि गंमत बघ, तू नेमकं ज्या चित्रावर आपटलीस तिथे मोठमोठे लोक आपटलेत. एर्विन पानोफ्स्की हा फार मोठा अभ्यासक, त्याने १९३४ मध्ये मांडलं की हे चित्र म्हणजे लग्नाचा दाखलाच आहे. पुरुषाचा वर उचललेला हात म्हणजे शपथ, आरशातली दोन माणसं म्हणजे साक्षीदार, आणि आरशाच्या वर भिंतीवर चित्रकाराने लिहिलंय ‘यान व्हॅन आयक इथे होता, १४३४’, तर ती साक्षीची सही. सगळं कसं चपखल बसत होतं ना? तुझ्या नोट्समधली मेणबत्ती आणि कुत्रा त्याच वाटेने आलेत. मग १९९७ मध्ये एक कागद उजेडात आला, त्यावरून ज्या जोडप्याचं हे लग्न समजत होते त्यांचं लग्न १४४७ मध्ये झालं. व्हॅन आयक वारला १४४१ मध्ये. झालं, आता बोला. आज बहुतेक जण म्हणतात की हा त्याच घराण्यातला दुसरा चुलतभाऊ असावा. आणि बाई गरोदर आहे असं अजूनही दर दोन मुलांमागे एक जण लिहितो, तिने त्या जड झग्याचा घोळ पोटापाशी धरून उचललाय, बाकी काही नाही.

म्हणजे पानोफ्स्की मूर्ख होता का? मुळीच नाही. त्याने प्रत्येक गोष्टीला पुरावा द्यायचा प्रयत्न केला म्हणून तर तो खोडता आला. तुझं ‘कुत्रा म्हणजे निष्ठा’ खोडताही येत नाही आणि मानताही येत नाही, अधांतरी लटकलंय ते.

मग करायचं काय? मी मुलांना जोडी लावायला सांगते. एकाच चित्राकडे बघत बसलं की वर्णनच सुचतं, दोन शेजारी ठेवली की आपोआप ‘इथे असं का आणि तिथे तसं का’ सुरू होतं. माझी आवडती जोडी सांगते. स्पॅनिश चित्रकार गोयाचं ‘३ मे १८०८’, रंगवलं १८१४ मध्ये, नेपोलियनचे फ्रेंच सैनिक माद्रिदच्या लोकांना गोळ्या घालतायत. आणि फ्रेंच चित्रकार एदुआर मानेचं ‘सम्राट मॅक्सिमिलियनला मृत्युदंड’, त्याची शेवटची आवृत्ती १८६८–६९ ची, घटना १९ जून १८६७ ची, मेक्सिकोतली. माने १८६५ मध्ये माद्रिदला जाऊन आला होता, गोया त्याच्या डोक्यात होताच. दोन्हीत बंदुका, रांग, मरणारी माणसं. विषय एकच.

आता बघ. गोयाकडे रात्र आहे आणि उजेड फक्त जमिनीवर ठेवलेल्या कंदिलाचा, तो सगळाच्या सगळा त्या पांढऱ्या सदऱ्याच्या माणसावर पडलाय. तो गुडघ्यावर आहे तरी इतका उंच दिसतो, उभा राहिला तर सगळ्यांच्या वर जाईल. हात फाकलेले, उजव्या तळव्यावर खिळ्यासारखी खूण. सैनिकांचा एकही चेहरा दिसत नाही, नुसत्या पाठी. म्हणजे आपण कोणाच्या बाजूने बघायचं ते गोयाने ठरवून टाकलंय.

मानेकडे दिवसाचा सपाट उजेड आहे, सावल्या जेमतेम. सैनिक इतके जवळ की नळ्या छातीला लागतील. मागे भिंतीवरून लोक डोकावतायत, तमाशा बघावा तसे. आणि उजव्या टोकाला एक सार्जंट आहे, त्याचं या सगळ्याकडे लक्षच नाही, तो आपली बंदूक ठाकठीक करतोय. मला विचारशील तर अख्ख्या चित्रातली सगळ्यात भयंकर गोष्ट तो सार्जंट आहे. मरणाऱ्याकडे बघून मानेने आपल्याला रडू दिलं नाही. का? इथे इतिहास आत येतो. मॅक्सिमिलियनला मेक्सिकोच्या गादीवर बसवलं फ्रान्सच्या तिसऱ्या नेपोलियनने आणि मग सैन्य काढून घेऊन वाऱ्यावर सोडलं. मानेने आधी सैनिकांना मेक्सिकन कपडे दिले होते, पुढच्या आवृत्त्यांमध्ये गणवेश फ्रेंच वाटतील असे केले. म्हणजे गोळी कोणी घातली म्हणता? साहजिकच फ्रान्समध्ये ते चित्र त्याला दाखवता आलं नाही.

(अवांतर: यातली मधली एक आवृत्ती माने गेल्यावर तुकड्या-तुकड्यात कापली गेली, ते तुकडे देगा या चित्रकाराने शोधून शोधून गोळा केले. आज लंडनच्या नॅशनल गॅलरीत मध्ये मोकळ्या जागा सोडून लावलेत.)

यात मी कुठे ‘काळा रंग म्हणजे मृत्यू’ असं म्हटलं का? उजेड कुठून येतो, कोण कोणाकडे बघतंय, आपल्याला कुठे उभं केलंय, एवढंच विचारलं.

आळशी_बोका

त्या सार्जंटला आत्ता मोठा करून बघितला. बाप रे.

कधीची_गोष्ट

सगळे तारखांना शिव्या घालतात म्हणून मी तारखांची बाजू घेतो.

पाठ करायला नको म्हणणारे अर्धंच सांगतात. अमेरिकेतल्या शाळकरी मुलांच्या एपी आर्ट हिस्टरी या परीक्षेला २५० कलाकृतींची ठरलेली यादी असते, तिथे पाठ केल्याशिवाय सुटका नाही. पण सुट्या तारखा पाठ केल्या तर त्या आठवड्याभरात उडणारच. कोण आधी, कोण नंतर, आणि त्याच वेळी दुसरीकडे काय चाललं होतं, असं लावून ठेवायचं.

तुझंच चित्र घे. १४३४. त्याच्या साधारण सात वर्षं आधी, १४२७ च्या आसपास, फ्लोरेन्समध्ये मसाच्चोने ‘ट्रिनिटी’ हे भित्तिचित्र काढलं. त्यात भिंतीला भोक पाडून मागे खरंच खोली बांधलीय असं वाटतं, कारण कमानीच्या छताच्या सगळ्या रेषा एका बिंदूत जाऊन मिळतात आणि तो बिंदू बघणाऱ्याच्या डोळ्याच्या उंचीच्या आसपास ठेवलाय. बिचारा पुढच्याच वर्षी वारला, तिशीसुद्धा गाठली नाही. आल्बेर्ती नावाच्या इटालियन विद्वानाने हे पर्स्पेक्टिव्हचं, म्हणजे सपाट चित्रात खोली दाखवायचं, शास्त्र लिहून काढलं १४३५ मध्ये, म्हणजे चित्र आधी आणि नियमाचं पुस्तक नंतर! आता व्हॅन आयकच्या खोलीत पट्टी लावून बघ, जमिनीच्या आणि छताच्या रेषा एका बिंदूत मिळत नाहीत. तरी खोली खरी वाटते. का वाटते? तेलरंगाचे पातळ थर, खिडकीतून येऊन पितळी झुंबरावर चमकणारा उजेड, झग्याच्या काठाची लव. एकाने गणिताने खोली उभी केली, एकाने उजेडाने, आणि दोघं दहा वर्षांच्या आत. हे वाक्य तू तारखा नसत्या तर लिहू शकली असतीस का?

मी अशा थोड्या खुंट्या ठोकून घेतल्या होत्या, १४३४, १६५६ (वेलाझ्केझचं लास मेनिनास), १८१४, १८७४ (मोने वगैरे इंप्रेशनिस्ट चित्रकारांचं पहिलं प्रदर्शन), १९३७ (ग्वेर्निका), आणि बाकीचं त्याला टांगत गेलो. १८७४ ला टांगायला अजून एक देतो, दाबून रंग काढायची धातूची ट्यूब, तिचं पेटंट १८४१ चं. त्याआधी बाहेर उन्हात बसून तेलरंगात काम करायचं म्हणजे रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून न्यायचे. मोनेला पहाटेचं बंदर रंगवायला ती ट्यूब किती कामाला आली असेल बघ.

निळी_शाई

अरे बापरे, एवढं सगळं! सगळ्यांना थँक्यू. काल रात्री हे वाचलं आणि आज एक प्रयत्न केला. वर्गात सध्या मुघल लघुचित्रं चालू आहेत, त्यातलं बिचित्रने काढलेलं जहांगीरचं चित्र घेतलं, साधारण १६१५ ते १६१८ मधलं, ज्यात तो वाळूच्या घड्याळावर बसलाय. मॅडम, बघाल का?

‘या भव्य चित्रात जहांगीर बादशाह वाळूच्या घड्याळाच्या सिंहासनावर बसलेला आहे. त्याच्या डोक्यामागे सूर्य आणि चंद्र मिळून झालेलं मोठं तेजोवलय आहे जे त्याची महानता दर्शवते. डावीकडे चार माणसं एकाखाली एक आहेत, वर सूफी शेख, मग तुर्की सुलतान, मग इंग्लंडचा राजा जेम्स आणि सगळ्यात खाली स्वतः चित्रकार. जहांगीर पुस्तक फक्त शेखला देतोय. म्हणजे ज्याच्याकडे काहीच नाही तो बादशहाच्या सगळ्यात जवळ आहे आणि ज्यांच्याकडे राज्य आहे ते खाली थांबलेत. जहांगीरचा चेहरा पूर्ण बाजूने आहे, नाण्यावर असतो तसा, पण जेम्सचा चेहरा तिरका आहे, तो वेगळ्याच प्रकारच्या चित्रातून आल्यासारखा वाटतो.’

फळ्यापाशी

अगं, तू बदलायचं म्हणत होतीस ना विषय?

पहिली दोन वाक्यं जुनी तू आहेस. ‘भव्य’ काढून टाक, ते वहीच्या पानाएवढं चित्र आहे, बोका ओरडेल. आणि ‘महानता दर्शवते’ इथे मी पण लाल गोल केला असता. ते वलय किती मोठं आहे ते लिही की, चित्रातल्या कुठल्याही डोक्यापेक्षा कितीतरी मोठं, आणि ते इतकं झगझगीत आहे की शेजारी उडणाऱ्या एका देवदूताने डोळे झाकून घेतलेत. हे लिहिलंस की महानता शब्द लिहायची गरजच नाही.

पण शेवटची दोन वाक्यं! जवळ कोण, लांब कोण, हे जागेवरून वाचलंस. आणि चेहऱ्यांचं निरीक्षण तर फारच छान, कोणाच्या नोट्समधलं नाहीये ते. तुझा अंदाज बरोबर आहे, जेम्सचा चेहरा इंग्लंडहून आलेल्या एका व्यक्तिचित्रावरून उचललाय, म्हणून तो तिरका. आता त्याच्या पुढे एक पाऊल जा. बादशहाच्या चित्रकाराला युरोपियन पद्धतीने चेहरा काढता येतो हे सिद्धच झालं, मग त्याने जहांगीरला तसा का नाही काढला? जमत नव्हतं म्हणून नाही. आणि सगळ्यात खाली बिचित्र स्वतःच्या हातात एक चित्र धरून आहे, त्या चित्रात काय आहे ते मोठं करून बघ.

निळी_शाई

बघितलं! त्या छोट्या चित्रात एक माणूस वाकून मुजरा करतोय!! म्हणजे तो स्वतःच का? हातात चित्र आणि चित्रात परत तोच. हे मी आठवडाभर बघत होते आणि दिसलंच नव्हतं.

प्रयोगवही

उशिरा आलो. ‘उपयोग काय’ याला कोणीच हात लावला नाही म्हणून लिहितो.

मी रसायनशास्त्राच्या बाजूने आलो, आता जुन्या चित्रांच्या जतनाचं काम करतो. शाळेत रसायन आणि कलेचा इतिहास दोन्ही घेतले होते, तेव्हा लोकांना ती विचित्र जोडी वाटायची. आज रोज दोन्ही लागतात. निळा रंग दिसला तर तो लॅपिस लाझुली या दगडाचा आहे की प्रशियन ब्लू हा रासायनिक रंग हे तपासायचं, लॅपिस अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून यायचा आणि युरोपात महागामोलाचा होता, प्रशियन ब्लू बर्लिनमध्ये अठराव्या शतकाच्या सुरुवातीला चुकून तयार झाला. त्यामुळे १५०० सालचं म्हणून सांगितलेल्या चित्रात प्रशियन ब्लू सापडला तर एक तर नंतर कोणी हात फिरवलाय, नाही तर कोणीतरी फसवतंय. बोक्याच्या लाटेत तोच निळा आहे बरं का, तिथे मात्र तो हक्काने आहे. बाकी संग्रहालयं आहेत, लिलाव आहेत, लुटलेल्या कलाकृती परत करण्याचे खटले आहेत, तिथे वकिलांना पण हे यावं लागतं. पण नोकऱ्या थोड्या आहेत हे खरं, खोटं कशाला सांगू. ब्रिटनमध्ये २०१६ मध्ये ए-लेव्हल या शाळेच्या शेवटच्या परीक्षेतून हा विषय जवळजवळ गेलाच होता, बरीच ओरड झाली आणि दुसऱ्या परीक्षा मंडळाने उचलला म्हणून राहिला. फक्त नोकरीकडे बघून घेणार असशील तर नको घेऊस.

आता तुझ्या कुत्र्याविषयी. इन्फ्रारेडने चित्राच्या रंगाखालचं रेखाटन दिसतं. आर्नोल्फिनी चित्र तसं तपासलंय, व्हॅन आयकने आधी काय आखलं आणि काय हलवलं ते त्यात दिसतं. तर कुत्र्याखाली रेखाटनच नाही. बाकीचं चित्र आखून झाल्यावर तो थेट रंगात आलाय.

निळी_शाई

काय सांगता!! म्हणजे कुत्रा आधी ठरलेलाच नव्हता? म्हणजे त्याला काही अर्थच नाही तर! उद्या वर्गात सांगते.

फळ्यापाशी

अर्थच नाही? कशावरून?

निळी_शाई

हाहाहा पडले परत. थांबा, विचार करून उद्या लिहिते. आणि फॉर्म नाही भरत बदलायचा.